महिनाभर आधी आलेले बैल

रविवार, २३ जून २०२४, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. सैन्यात मी लेखनिक होतो. आधी तारीख व वेळ, मत नंतर, ही सवय अजून सुटलेली नाही.

कोरेगावजवळच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातील कोनाड्यात, मातीच्या बैलांची जोडी मला दिसली. नवी होती, शिंगे रंगवलेली. आमच्याकडचा बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, आषाढात असतो. त्याला महिना अवकाश होता आणि गावच्या कुंभाराने माती भिजवलीही नसेल. ज्येष्ठी पौर्णिमेला बेंदूर करतात ते मिरजेच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या सीमेलगतचे लोक. पौर्णिमा नुकतीच झाली होती. म्हणजे बैल तिकडून आले होते. असे बैल कोणी कोणाला उगीच देत नाही. घरातला पुरुष पोरांसाठी ते आणतो.

आमच्या घरी माझा मुलगा ते आणत असे. चार वर्षांपूर्वी तो आजाराने गेला. त्यानंतर घरात बैल आले नाहीत. मीही आणले नाहीत.

घरात आता मी, सून आणि दोन नाती. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची. थोरलीला विचारले. शाळेत केले, असे ती म्हणाली. शाळा उघडून आठवडा झाला होता. आठवड्यात पोरांना अशी शिंगे वळता येत नाहीत. हे उत्तर तिला कोणी शिकवलेले नव्हते. आईसाठी तिने ते स्वतःच रचले होते. मला ते अधिक खटकले.

मी जोडी उचलून माझ्या लोखंडी ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावले. घाईत झाकण एका बैलावर आदळून त्याचे शिंग तुटले. हे मी कोणाला सांगितले नाही.

सून गावच्या दूध संकलन केंद्रात दुधाचे फॅट तपासते. तेथील यंत्र दुरुस्त करायला मिरजेकडून एक माणूस येतो, हे मला ठाऊक होते. गेल्या वर्षभरात ते यंत्र वाजवीपेक्षा जास्त वेळा बिघडले, हेही मी लक्षात ठेवले होते. आदल्या दिवशी ती मुलींना घेऊन सांगलीला मैत्रिणीकडे गेली होती. कोणती मैत्रीण, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. न विचारणे हाही एक पहारा असतो.

सकाळचे संकलन आटोपून ती घरी आली, तेव्हा मी एवढेच विचारले, की सांगलीची मैत्रीण बैल करते काय. तिने पिशवी खाली ठेवली.

"मैत्रीण न्हाई, मामा. मी आज सांगणारच हुते. त्ये चार वाजता येणार हायती, तुमास्नी भेटाय. तुमी न्हाई म्हणाला तर ह्ये सगळं इथंच थांबवते. चोरून कायबी करणार न्हाई."

"मग मैत्रीण कशाला म्हणालीस?"

"भ्या वाटलं."

अकरा वर्षे ती या घरात आहे. माझी भीती वाटते हे तिने बोलून दाखवले ते त्या दिवशी, पहिल्यांदा.

त्या माणसाचे गाव आणि आडनाव तिच्याकडून घेतले आणि त्याच गावच्या माझ्या एका जुन्या सोबत्याला फोन केला. आम्ही एकाच पलटणीत होतो. त्याची बायको वारली असे सून म्हणते ते खरे का, तो पितो का, कोणाशी भांडण आहे का, हे विचारले. बायको बाळंतपणात गेली, मूल राहिले नाही, पीत नाही, असे कळले.

"गड्या, लगीन जमवायलायस का चौकशी करायलायस?" सोबत्याने विचारले.

"चौकशी."

"मग लिहून घे. माणूस सरळ हाय."

सरळ म्हणून सांगितलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. लिहून घेतले नाही.

चार वाजता तो स्टँडवरून चालत आला. वय चाळिशीचे, नखांत यंत्राचे काळे तेल. पेढ्यांचा पुडा आणील आणि तो मी परत करीन, अशी माझी तयारी होती. त्याने काहीच आणले नव्हते. धाकटी त्याच्याकडे धावली आणि मध्येच थांबून माझ्याकडे पाहू लागली. सुनेने चहा आणला. त्याला बिनसाखरेचा लागतो, हे तिला विचारावे लागले नाही.

मुलींना नेणार का, हे मी सरळ विचारले. ते त्या ठरवतील, असे तो म्हणाला. सहा वर्षांची पोर काय ठरवणार, असे मी म्हटले.

"मग तुमी ठरवा, आबा. पर पोरींस्नी मागं ठेवून त्यांच्या आईला एकटीला न्हेणार न्हाई."

मी उत्तर जुळवत असताना धाकटीने कोनाड्याकडे बोट केले. "आबा, माजं बैल कुटं गेलं?"

थोरलीने मान खाली घातली. सुनेने एकदा माझ्या ट्रंकेकडे पाहिले आणि कपबश्या गोळा करू लागली. बोलला तो परका माणूस.

"आसू दे बाळा. तुमच्यातला बेंदूर आजून यायचाय. आबा आणत्यात की दर साली."

या वाक्यात टोमणा आहे का, हे मी बराच वेळ शोधले. सुनेने त्याला काही सांगितले असेल, असे वाटून तिच्याकडे पाहिले. तीही चमकून त्याच्याकडेच पाहत होती. त्याला ठाऊक नव्हते. नातवंडे असलेला आजा बैल आणतोच, असे तो धरून चालला होता.

मी होकार दिला नाही. आषाढातल्या बेंदराला मुली दर साली याच घरात पाहिजेत, एवढे सांगितले. तो लगेच "व्हय" म्हणाला. झटपट होकारांवर माझा विश्वास नाही. पण आत जाताना सुनेने पदर डोळ्यांना लावला, तेव्हा मी जे बोललो त्याचा अर्थ काय होतो ते माझ्या ध्यानात आले. शब्द मागे घेतले नाहीत.

सहाच्या गाडीने तो गेला. ती त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेली. चार मिनिटे लागली.

त्यानंतर मी कुंभाराकडे जाऊन एक जोडी सांगून आलो. एवढ्या लवकर कशाला, असे त्याने विचारले. दिवेलागणीला ट्रंक उघडली. शिंग डिंकाने लावून पाहिले, धरले नाही. जोडी कोनाड्यात धाकटीचा हात पोचेल अशी ठेवली आणि तुटलेले शिंग बैलाच्या पायाशी, सर्वांना दिसेल असे ठेवले.