पारीच्या घरी कोण गाणार

झोथानपारीचा आवाज सगळ्या मिझोरमने ऐकला, तिची जीभ मात्र माझ्या वाट्याला आली. मी तिची लहानपणापासूनची शेजारीण. "दारथुआमी, तू आपली नुसते ओठ हलव गं. तुझा आवाज ऐकून मेलेला माणूस उठून बसेल," असं ती मला भर मयताच्या घरात सुनावायची. मी ओठ हलवायची. करणार काय, बाईचं खरं होतं.

आमच्यात माणूस गेलं की दफन झाल्यावर संध्याकाळी सगळी आळी त्या घरी जमते. मधे ढोल ठेवतात, एकजण ओळ सांगतो, बाकीचे ती उचलतात. घरच्यांनी फक्त बसायचं. गाणं त्यांच्यासाठी असतं.

पारीचा बाप गेला तेव्हा हे झालं नाही. ते बंडाचे दिवस होते. फौजेने आमचं गाव उठवून रस्त्याकडेच्या तळावर आणून टाकलं होतं आणि दिवस मावळल्यावर दाराबाहेर पाऊल ठेवायची बंदी होती. तिची आई चुलीपाशी वाट बघत बसली. कोण येणार? शेवटी पोरीनेच दबक्या आवाजात गायला सुरुवात केली. बांबूच्या भिंतीपलीकडे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मला राहवेना. मीही तिच्या मागोमाग गायला लागले.

"गप बस कार्टे, शिपाई येतील!" माझी आई म्हणाली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो बाजूला केला. पुढे पारीने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिला ऐकूच गेलं नसेल, असं मी धरून चालले.

शांतता झाली, आम्ही ऐजॉलला आलो. पारी रेडिओवर गायली, मग तिच्या कॅसेटी निघाल्या. चहाच्या दुकानात तिचा फोटो लागला. आमच्यात थोरल्या पुरुषाला मानाने 'पू' म्हणतात, बाईला 'पी'. आमच्या चर्चचे वडीलधारे पू बियाकथांगा कुरकुरायचे, "पोरी, त्याच तोंडाने प्रेमाची गाणी आणि त्याच तोंडाने देवाची?"

"दुसरं तोंड कुठून आणू, पू? तुमचं देता का?" पारी म्हणायची.

नवऱ्याला मात्र तिचं नाव सोसलं नाही. त्याने दुसरीकडे संसार थाटला. मुलाला, रेमसांगाला, तिने एकटीने वाढवलं. पण कुणाच्या घरी मयत झालं आणि पारी आली नाही, असं घडलं नाही. एकदा शिलाँगचा कार्यक्रम अर्धा टाकून ती आमच्या आळीतल्या एका लाकूडतोड्यासाठी परत आली. "माझ्या बापाला कुणी नव्हतं," एवढंच म्हणाली. उतारवयात गळा बसत चालला, तरी येत राहिली.

मग लुंगलेईच्या रस्त्यावर रेमसांगाची जीप दरीत गेली.

दफनाच्या संध्याकाळी घरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसले होते. बिनदुधाचा चहा आणि गूळ फिरून झाला. ढोलवाला टिपरू धरून तयार. पण ओळ कुणी सांगेना. सगळे पारीकडे बघत होते. मागच्या पोरींनी तर फोन वर धरले होते.

पू बियाकथांगांनी घसा खाकरला. "पी पारींसमोर आपण कसलं गायचं? त्यांनीच एखादी ओळ सांगावी. म्हणजे आपल्यालाही धीर येईल."

"हो, हो, पी, तुम्हीच," माना डोलल्या.

त्यांनी आदराने म्हटलं होतं, मला कळत होतं. तरी माझं डोकं फिरलं. या बाईने जन्मभर सगळ्यांची दारं गाठली, आणि तिच्या दारात हे ऐकायला आले होते! तिच्यासाठी कुणी गाणारच नव्हतं का? पारीला मात्र सवय. तिने सरळ होऊन तोंड उघडलं. आवाज फुटेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. ते बघवेना.

"तू बस गं गप," मी म्हणाले आणि ओळ सांगितली.

मलाच कसंतरी झालं, इतका फाटका सूर लागला. मागे एक पोरगी फिसकन हसली. ढोलवाल्याचा ठेका चुकला. पहिलं कडवं मी एकटी रेटत होते. दुसऱ्या कडव्याला पू बियाकथांगांनी खाली मान घालून आवाज मिसळला. फोन खाली गेले. हळूहळू सगळं घर गायला लागलं, माझ्यामागून, माझ्याच बेसूर पट्टीत.

गाणं संपलं तशी मी पारीजवळ सरकले. "माफ कर बाई, सगळं बिघडवलं मी."

तिने माझा हात घट्ट धरला.

"बाबा गेले तेव्हा भिंतीपलीकडून तूच गात होतीस," ती म्हणाली. "एवढं बेसूर दुसरं कोण गाणार, दारथुआमी? थांबू नकोस."

आणि रेमसांगा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली.