एकाहत्तर डिग्रीचा थर्मोस्टॅट

माझ्या नवऱ्याला ट्रक कळतो, असं तो चाळीस वर्षांपासून सांगतो. ट्रकला तो कळतो की नाही, हे ट्रकने अजून सांगितलेलं नाही.

ट्रक तो चालवतो आणि मी क्लिनर आहे. आधी दुसरे क्लिनर होते, पण नवरा त्यांना इंजिन शिकवायचा. एक जण चहा प्यायला म्हणून उतरला तो परत आलाच नाही. मग मीच बसायला लागले. चढावर गाडी थांबली की चाकामागे लाकडाचा ठोकळा लावायचा, गाडी मागे घेताना उभं राहून ओरडायचं, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं. चौथी शिकलेल्या बाईला जमतं एवढंच काम आहे.

एटापल्लीकडून धान भरायचं आणि चामोर्शीजवळच्या राइस मिलवर आणायचं, ही आमची फेरी. हिवाळ्यात ट्रक काही बोलत नाही. मे महिन्यात, उन्हाळी धानाच्या दिवसांत, आलापल्लीच्या अलीकडच्या चढावर त्याचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि पुढून वाफ निघते. मग आम्ही दोघं सागाच्या सावलीत बसतो. साग उन्हाळ्यात सावली किती देतो, ते ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे.

मागच्या उन्हाळ्यात तीनदा असं झालं, तेव्हा मिलच्या मालकाने मला बोलावलं. नवऱ्याला सांगितलं की तो इंजिन समजावून सांगतो, म्हणून मालक कामाचं मलाच सांगतो.

"बाई, तुमची गाडी अजून रस्त्यात उभी राह्यली, तं फेऱ्या माह्या भाच्याले देईन."

भाच्याचा ट्रक आमच्यापेक्षा नवा होता आणि तापत नव्हता. आमच्या फेऱ्या गेल्या असत्या, तर या वयात आम्हा दोघांना दुसरं कोण बोलावणार होतं? मुलीकडे जाऊन राहायचं, आणि जावयाच्या कूलरपुढे बसून त्याला आवडणारा टीव्ही पाहायचा. मला त्यापेक्षा ठोकळा बरा वाटतो.

नवरा चंद्रपूरला गेला आणि कागदात गुंडाळलेली एक पितळी वस्तू घेऊन आला. सोन्याचा दागिना आणल्यासारखी ती त्याने माझ्यापुढे उघडली.

"थर्मोस्टॅट," तो म्हणाला. "ठंडा."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन थंड असेल तर दार बंद. पाणी ठरल्याइतकं गरम झालं की दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. आमच्या जुन्या दारावर ब्याऐंशी आकडा होता. या नव्यावर एकाहत्तर.

"म्हणजे अकरा डिग्री आधीच उघडन," नवरा म्हणाला. "इंजिन ठंडंच राहीन."

"अजी, उघडल्यावर पाणी कुठी जाते?"

"रेडिएटरात."

"आन् रेडिएटर पाणी थंड करून राह्यला का?"

"त्याचं कामच ते हाये."

"तुमचं काम गाडी चालवाचं हाये. रस्त्यावर बसून राह्यता तुमी."

"तुले इंजिनातलं नाई समजत," तो म्हणाला. मला बोलणं आवरायचं असलं की तो हे म्हणतो, हे मला समजतं.

तो एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याच आठवड्यात आम्ही घरच्या कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि जुन्या बाहेर टाकल्या. नवऱ्याने त्यातली एक उचलली.

"कूलरपुढे आपण ठंडे होतो का नाई? मंग इंजिन काऊन नाई होणार?"

मला ते पटलं. लपवण्यात अर्थ नाही, ती ताटी मीच गोणपाटात शिवली. दाभण माझं, सुतळीही माझी. ट्रकच्या तोंडावर, रेडिएटरपुढच्या जाळीवर, आम्ही ती घट्ट बांधली, आणि पाणी शिंपडायला मी कॅनही भरून घेतला.

सकाळी रिकामी गाडी घेऊन निघालो. काटा खालीच. नवरा एटापल्लीपर्यंत हसत होता. तिथल्या चहाच्या टपरीवर त्याने ओळखीच्या आणि बिनओळखीच्या सगळ्यांना एकाहत्तरचा आकडा सांगितला. रिकाम्या गाडीने सकाळच्या गारव्यात तापू नये, यात थर्मोस्टॅटचा काय पराक्रम, हे मी विचारलं नाही. चहा गरम होता.

दुपारी धान भरून परतलो. ताटी ओली केली की सगळ्या कॅबिनमध्ये वाळ्याचा वास यायचा. लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटत होतं. चढ लागला आणि काटा निघाला. एकाहत्तर मागे टाकून, ब्याऐंशी मागे टाकून, तो ओळखीच्या लाल पट्ट्यात जाऊन बसला. वाफ आली. मी ठोकळा घेऊन उतरले.

तेंदूपत्त्याचं ओझं डोक्यावर घेऊन एक बाई जंगलातून रस्त्यावर आली. आमच्या गाडीपुढे थांबून तिने नीट पाहिलं.

"हे काय बांधलं, बाई?"

"कूलर," मी म्हणाले. खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं.

"मंग गाडीले हवा कुठून जाते?"

नवरा तिला समजावू लागला. ती अर्ध्यातच निघून गेली. मी विळ्याने सुतळी कापली आणि ताटी खाली ओढली. मागे रेडिएटर दिसला. खरं म्हणजे दिसला नाही. बारीक जाळी असते तिथे काळा थर होता, भाकरीएवढा जाड, त्यावर धानाचं तूस. आमच्याकडे येण्याआधी हा ट्रक माजरीच्या खाणीत कोळसा वाहायचा. तिथली धूळ अजून त्याच्या छातीत होती, आणि आम्ही तोंडावर ओलं गोणपाट बांधलं होतं. घरच्या कूलरच्या ताटीत धूळ बसली की खोलीत हवा येत नाही, म्हणून ती दर पंधरा दिवसांनी मी धुते. ट्रकच्या बाबतीत मात्र मी शिवत बसले.

हळूहळू गाडी काढत संध्याकाळी मिलवर पोचलो. मालकाने मोबाइल काढला.

"भाच्याले लावून राह्यले का?" मी विचारलं.

"मंग काय करू, बाई?"

"परवाची फेरी पाहा. मंग लावा."

त्याने मोबाइल खिशात ठेवला. "शेवटची," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवरा याहून थंड थर्मोस्टॅट आणायला चंद्रपूरला गेला. मी शेजारच्या शेतातल्या मोटरचा पाइप ओढला, कपड्यांचा सोडा घेतला, भांड्यांचा ब्रश घेतला आणि रेडिएटर इंजिनाच्या बाजूने धुवायला बसले. दोन तास काळं पाणी निघत होतं. तूस निघालं, एक वाळलेलं फुलपाखरू निघालं. शेवटी जाळीतून पलीकडची म्हैस दिसायला लागली, तेव्हा मी मोटर बंद केली.

नवरा रिकाम्या हाताने आला. "याहून ठंडा नाई म्हणते. दुकानवाला म्हणते, दारच काढून फेका."

"दार राहू द्या," मी म्हणाले. "गाडी धुतली हाये. आंगावरचा मळ धुतला की तिले बरं वाटते."

"धुऊन इंजिन ठंडं होते का व?" तो हसला.

परवाच्या फेरीत भरलेली गाडी भर दुपारी चढ चढली. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. वरच्या वळणावर नवऱ्याने स्टिअरिंगवर हात आपटला.

"पाह्य. थर्मोस्टॅटले बसाले दोन-तीन दिवस लागतेच."

मिलवर त्याने एकाहत्तरची गोष्ट मालकाला सांगितली, हमालांना सांगितली आणि तिथे उभ्या असलेल्या भाच्यालाही सांगितली. ताटीसुद्धा सांगितली, कारण ती कल्पना त्याची होती. भाच्याने मला बाजूला घेतलं.

"काकू, खरंच काटा खाली राह्यते का?"

"राह्यते," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

त्याची गाडी तापत नव्हती. तरी त्याने एकाहत्तरचा थर्मोस्टॅट बसवला, आणि आमच्यापेक्षा कमी नको म्हणून पुढे दोन ताट्या बांधल्या.

पुढच्या आठवड्यात त्याच चढावर आधी वाळ्याचा वास आला, मग भाच्याची गाडी दिसली, पुढून वाफ सोडत उभी. मी उतरले आणि आमचा ठोकळा त्याच्या चाकामागे लावला. घामाने भिजलेला भाचा माझ्याकडेच आला.

"काकू, तुमी नक्की काय केलं होतं?"

या सगळ्या प्रकरणात मी काय केलं, हे मला कोणी विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी सांगायला तोंड उघडलं.

"याहून ठंडा टाक," नवरा कॅबिनमधून म्हणाला.

मी तोंड मिटलं आणि गाडीत जाऊन बसले. फेऱ्या अजून आमच्याकडेच आहेत.