न आपटलेला भारा

वडील गिरणीत बदली कामगार. बोलावणं आलं तर काम, नाहीतर घरी. आई विड्या वळायची. मी कॉलेजात गेले तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "एकदा जरी नापास झालीस, तर आईशेजारी विड्या वळायला बसायचं." त्या धाकातच मी शेवटच्या वर्षापर्यंत पोचले.

"भ्यायचं न्हाय, पर जवळ बी जायचं न्हाय," असं म्हणत गवतवाली मावशी आमच्या गल्लीत गवताचा भारा जमिनीवर आपटायची. जवळच्या होटगी गावाहून रेल्वेनं यायची, आमच्या गल्लीजवळच्या सात रस्ता चौकातल्या टांगेवाल्यांना गवत विकायची. साप, विंचू, अळ्या, जे असेल ते गळू दे, मग गिऱ्हाईक. डोक्यावर घेण्याआधी होटगीलाही ती भारा असाच आपटायची.

दुष्काळाचं वर्ष होतं. परीक्षेसाठी एक कीटक घरी वाढवून त्याचं जीवनचक्र दाखवायचं होतं. मी निवडलेलं फुलपाखरू तुम्हीही पाहिलं असेल. तपकिरी, दिवेलागणीला घरात शिरून भिंतीला चिकटतं. त्याची अळी गवतावर जगते, आणि गवत कुठंच नव्हतं. होटगी स्टेशनात इंजिनात पाणी भरायच्या नळाखाली तेवढं हिरवं उरलं होतं. तेच मावशी आणायची.

"मावशी, माझ्यासाठी न आपटता आणा. अळ्या मरतात."

"न आपटता? डोस्क्यावर? यव्वा! कालेजात जाऊन येड लागलं की गं तुला!"

"नाहीतर मी नापास होईन."



दुसऱ्या दिवशी मावशी आली ती ताठ मानेनं, एकेक पाऊल जपून टाकत. भारा ठेवला आणि मान पुढं करून म्हणाली, "मानंवर बघ की गं! कायतर चालतंय!"

मानेवर हिरवीगार अळी होती. डोक्यावर दोन शिंगं, शेपटीला दोन टोकं. मी आनंदानं किंचाळले. मावशीला वाटलं, सापच. ती मटकन खालीच बसली.

तरी पुढचे भारेही तिनं तसेच आणले.

अळी वाढली, उलटी लटकली, हिरवा कोश झाला. परीक्षा तोंडावर आली आणि कोश काळवंडला. मावशी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मेलं वाटतं गं." आईनं विडीचं सूप बाजूला सारलं.

मग कोश तडकला. ओले पंख ओढत फुलपाखरू बाहेर आलं. वाळल्यावर पंख मिटून बसलं, तर हुबेहूब सुकं पान.

"एवढं भिऊन मिळाला तो पाचोळाच की!" म्हणत मावशी आत आली आणि वाकून बघत राहिली.

पुढं पाऊस झाला, गवत सगळीकडं उगवलं, टांगेवाल्यांना ते विकत घ्यायची गरज उरली नाही आणि मावशी गल्लीत यायची थांबली. निकाल सांगायला मी होटगीला गेले, पण ती भेटली नाही.

मी बी.एस्सी. पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी.