रोग आणायला गेलो, आणि

तांबेऱ्याचे बीजाणू मी बुरशीनाशकाच्या पंपात भरले आणि गव्हावर फवारले.

शेतकरी रोग जावा म्हणून फवारतो. आम्ही अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले रोगशास्त्रवाले रोग यावा म्हणून फवारतो. नव्या वाणाची परीक्षाच ती. कडेने लगेच आजारी पडणारा जुना गहू पेरायचा, मध्ये नवा, आणि सगळ्यावर रोग सोडायचा. जुना तांबडा झाला, नवा हिरवा राहिला, की नवा पास. मधला नवा वाण तायडे मॅडमचा होता. कित्येक वर्षं खपून काढलेला. यंदा चाचणी फसली तर तो तिथंच अडकणार होता.

पंधरवड्यानं पाहतो तर सगळं शेत हिरवंगार. मी खूश.

"मॅडम, तुमचा वाण एक नंबर!"

"आन् कडेचा? त्याले काहून नाई आला?" मॅडम तापल्या की थेट मूर्तिजापूरच्या वऱ्हाडीत उतरतात. "पंप कोणता घेतलता?"

"शेडमधला निळा."

"हरभऱ्यावर बुरशीनाशक त्याच्यातूनच मारते नं आपला गडी! धुतलता?"

"पाणी भरलं होतं की त्यात."

"ते बीजाणूचं पाणी होतं, सर!"

तांबेरा हा बुरशीचाच रोग, आणि बीजाणू म्हणजे त्या बुरशीचं बी, विटकरी भुकटीसारखं. ओल्या पानावर त्याला कोंब फुटतो. तो पानाच्या रेषा चाचपत सरकतो. पान ज्यातून श्वास घेतं ते छिद्र सापडलं की तिथं चिकटून फुगतो आणि आत घुसतो. माझ्या बीजाणूंना कोंब फुटायच्या आतच मी विष पाजलं होतं.

विभागप्रमुख म्हणाले, "वानखडे, अहवालात काय लिहू? गव्हाची तब्येत उत्तम?"

नशीब, फ्रिजमध्ये थोडे बीजाणू उरले होते. नवा पंप आणला. गव्हाच्या पानावर मेण असतं, पाणी घरंगळतं, म्हणून चिकटद्रव्य घातलं. संध्याकाळी फवारलं आणि ओल टिकावी म्हणून रात्रभर प्लॅस्टिक झाकलं. पुढं जुन्या गव्हावर विटकरी पुटकुळ्या उठल्या. मॅडमचा वाण स्वच्छ राहिला. रोग आला म्हणून पेढे वाटणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन.

धडा एवढाच: रोगाचा पंप वेगळा, औषधाचा वेगळा. रोगाचा आता कुलपात असतो. किल्ली माझ्याकडे देत नाहीत.

पेढा खाताना मॅडम म्हणाल्या, वडिलांच्या मूर्तिजापूरच्या वावरात गव्हावर तांबेरा दिसतोय. मी लगेच म्हणालो, "रविवारी येऊन बघू का?"

"काही येऊ नोका. तुमी रोग आणाले गेलते तं रोग मेला. आता रोग माराले आले तं आमचा गहू राहीन काय?"