मुठीवरचे वळ

मर्डो गिल्क्राइस्ट एकतीस वर्षं सरोवराच्या खाली कामाला होता. आमच्या गावातली मिठाची खाण किनाऱ्यावरून आत शिरते आणि ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली मैलभर पसरते. तो रोज पहाटे पिंजऱ्यातून खाली जायचा आणि डोक्यावर ते अख्खं पाणी घेऊन मीठ फोडायचा. मासे त्याने कधी धरले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी त्यांच्या तळघरात राबतो. वर जाऊन त्यांनाच मारायचं, बरं दिसत नाही."

असा हा माणूस चौसष्टाव्या वर्षी, नोव्हेंबरच्या एका राखाडी सकाळी माझ्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आला आणि सेंटरपिनची काठी मागायला लागला, तेव्हा मला हसू आलं नाही. तो का आलाय ते मला ठाऊक होतं. गावात कुणालाही ठाऊक झालं असतं.

जुन्या बंधाऱ्याखाली नदी वळते. थंडी पडली की सरोवरातून स्टीलहेड मासे तिथे चढतात आणि त्यांच्यासाठी सात-आठ माणसं मांडीभर पाण्यात ओळीने उभी राहतात. वरच्या माणसाने आधी गळ टाकायचा, मग त्याच्या खालच्याने, मग त्याच्या. सगळ्यांचे दोरीवर तरंगणारे, लाल टोकाचे फ्लोट पाण्याच्याच वेगाने एकामागोमाग वाहत जातात. एकाचा जरी रेंगाळला तरी सगळ्यांच्या दोऱ्या गुंततात. साध्या रिळाने दोरी ओढली जाते, फ्लोट अडतो. सेंटरपिन म्हणजे नुसतं एक चाक, एका खिळ्यावर मोकळं फिरणारं. त्याला आवरायला अंगठ्याखेरीज काही नाही. त्या ओळीत तेच चालतं. नियम एकच: ज्याला वेग सांभाळता येतो त्याला जागा मिळते, तो कोण हे कुणी विचारत नाही. ज्याला येत नाही तो आपण होऊन बाहेर पडतो.

त्या ओळीत तिसऱ्या जागेवर मर्डोचा मोठा भाऊ ॲलेक तीस वर्षं उभा राहत आला होता.

त्याच्या अकरा वर्षं आधी खाणीत संप झाला. ॲलेक फाटकावर हातात हात गुंफलेल्या माणसांत उभा होता. सातव्या आठवड्यात मर्डो त्यांच्यामधून आत गेला आणि पिंजऱ्यात बसून खाली उतरला. त्याची बायको थेल्मा तेव्हा आजारी होती. हे कारण त्याने कधी कुणाला दिलं नाही. ॲलेकने त्या दिवशी त्याला "फितूर" म्हटलं आणि त्यानंतर काहीच म्हटलं नाही. थेल्माच्या दफनालाही तो दफनभूमीच्या फाटकाबाहेर टोपी काढून उभा राहिला आणि निघून गेला.

"तुला मासे हवेत की जागा?" मी मर्डोला विचारलं.

"जागा. त्याच्या शेजारची. बोलायचं नाहीये मला. नुसतं उभं राहायचंय."

त्याने भिंतीवरची सगळ्यात लांब, पंधरा फुटी काठी उचलली आणि दुकानाच्या मधोमध हवेत फिरवली. छताच्या दिव्याला ती लागता लागता राहिली.

"हीच. हलकी आहे."

"सगळे हेच करतात," मी म्हणाले. "रिकामी काठी खोटं बोलते, मर्डो. चाक चढवल्यावर बघ."

मी चाक चढवलं. पाच मिनिटांत त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हातारा झालो मी, विनी."

"तू खाणीत गेलास तेव्हाच म्हातारा होतास. ती ठेव. पंधरा फूट मोठ्या नदीला लागतात. आपल्या वळणाला तेरा पुरे. दोरी पाण्यावर पडू द्यायची नाही, एवढंच काठीचं काम."

त्याने तीन काठ्या पाहिल्या. एक फार ताठ होती. बारीक दोरी तिने पहिल्याच माशाला तोडली असती. एक मुठीशी जड होती. तिसरीला चाकाची जागा कायमची बसवलेली, आणि ती त्याच्या हाताला फार वर येत होती. तेव्हा मी गल्ल्यामागून हिरव्या कापडात गुंडाळलेली काठी काढली.

ती ॲलेकची होती. सप्टेंबरात तो स्वतः घेऊन आला होता. त्याचा उजवा अंगठा आता स्थिर राहत नव्हता, आणि अंगठा गेला की ते चाक माणसाचं राहत नाही. "विकून टाक," तो म्हणाला होता. "कुणाला विकलीस ते मला सांगू नकोस. कुणाची होती ते त्याला सांगू नकोस." मी बरं म्हटलं होतं.

ती मी का काढली? मर्डोला खरोखर तीच योग्य होती: तेरा फुटी, टोकाला मऊ, कमरेत जोर असलेली. हे एक कारण झालं. दुसरंही होतं. त्यातलं खरं कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

या जुन्या काठीला चाकासाठी पक्की जागा नाही. बुचाच्या लांब मुठीवर धातूच्या दोन सरकत्या कड्या आहेत. मुठीचं बूड कोपराखाली टेकवायचं, अंगठा चाकाच्या कडेवर पडेल तिथवर कड्या सरकवायच्या आणि दाबून बसवायच्या. ज्याचा जेवढा हात, तेवढी त्याची जागा.

मर्डोने बूड कोपराला लावलं. कड्या हळूहळू वर आणल्या. दाबायची वेळच आली नाही. बुचात तीस वर्षांचे दोन वळ होते. कड्या त्यांत आपोआप बसल्या.

त्याने वळांवरून अंगठा फिरवला. मग कड्या सोडवून पुन्हा लावल्या. पुन्हा तिथेच बसल्या.

"हा हात आमच्या बापाचा," तो म्हणाला. "आम्हा दोघांना तोच मिळाला." मग म्हणाला, "तो येणार नाही ना या वर्षी?"

"मी काठ्या विकते."

"तुला खोटं बोलता येत नाही, विनी. तुझ्या बापाला तरी जमायचं. म्हणायचा, ही काठी स्वतःहून मासे धरते."

बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं काहीतरी पडत होतं.

"मग मी आता कुणाशेजारी उभा राहू?" त्याने विचारलं. मग त्यानेच कापड घेतलं आणि काठी गुंडाळली.

दोन आठवडे मी त्याला चर्चच्या गवतावर चाक शिकवलं. दोरी गुंतून तिची घरटी झाली, फिरत्या चाकाने बोटांची सालटी निघाली. "मीठ बरं," तो म्हणायचा. "ते निदान उलट मारत नाही." तिसऱ्या शनिवारी तो वळणावर गेला. गळाला लावायच्या सॅमनच्या अंड्यांच्या पुरचुंड्या बांधून देण्याच्या निमित्ताने मीही गेले.

ओळीत सहा जण होते, त्यातले चार खाणीतले. तिसरी जागा रिकामी होती. आजारी पडलेल्याची जागा आमच्याकडे एक हंगाम रिकामी ठेवतात. मर्डोने त्या जागेकडे पाहिलं, सगळ्यांच्या पाठीमागून काठाकाठाने गेला आणि शेवटी उभा राहिला.

पहिल्या खेपेला त्याचा फ्लोट रेंगाळला आणि डफ ऑर्म्सबीच्या दोरीत गेला. हा डफ त्या दिवशी फाटकावर ॲलेकच्या हातात हात घालून उभा होता. त्याने न बोलता गुंता सोडवला. मर्डो बाहेर पडला, पाळी गेल्यावर परत आला. पुन्हा तेच झालं. पुन्हा कुणी बोललं नाही. तिथल्या ओळीत नव्या माणसाला शिव्या मिळतात. त्याच्या आईचा, त्याच्या डोळ्यांचा, त्याच्या गाठींचा उद्धार होतो. मर्डोला एकही शिवी मिळाली नाही. सहा माणसं त्याच्याशी सभ्यपणे वागत होती. मला तिथे उभं राहवेना.

तेवढ्यात वरच्या खडीवर एक ट्रक येऊन थांबला. ॲलेकची बायको नोरीन चालवत होती. शेजारी घोंगडीत तो होता. काच खाली आली. आत काहीतरी सतत थरथरत होतं, तो त्याचा हात होता. तो आपल्या काठीकडे बघत होता, आणि ती कुणाच्या हातात आहे तिकडे.

"कोपर आत घे, गाढवा."

अकरा वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य. आवाज त्याचा राहिला नव्हता, फक्त शब्द त्याचे होते.

मर्डोने मान वळवली नाही. कोपर आत घेतलं. फ्लोट सुटला आणि इतरांच्या मागे, पाण्याच्याच वेगाने, वळणापर्यंत गेला.

"ऐकू आलं ना?" डफ म्हणाला. "कोपर. आणि माझ्यापासून हातभर लांब राहा, फितुरा."

काच वर गेली. ट्रक वळायला लागला. त्या खडीवर वळायला वेळ लागतो, पुढेमागे करावं लागतं. काठ चढून जाऊन दाराला हात लावायला मर्डोला तेवढा वेळ पुरला असता. पण वरचा माणूस टाकत होता. मग त्याच्या खालचा. पाळी येत होती, आणि पाळी आलेली असताना आमच्याकडे कुणी ओळ सोडत नाही. मर्डोने ती एकदा सोडली होती, खाणीच्या फाटकावर. तो जागचा हलला नाही.

त्याला वाटलं होतं, पुढचा शनिवार आहे. नाताळ आहे. ॲलेकला त्याच आठवड्यात मोठ्या गावातल्या इस्पितळात नेलं, तिथे त्याची वाचा गेली आणि फेब्रुवारीत तो गेला. त्याआधी मर्डो दोनदा भेटून आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "उभा होतो शेजारी."

पुढच्या नोव्हेंबरात डफने त्याला तिसऱ्या जागेकडे मानेने खूण केली. मर्डो गेला नाही. तो अजून शेवटीच उभा राहतो.

दर वसंतात तो काठी माझ्याकडे आणतो. बूच आता झिजलंय, वळ खोल गेलेत, कड्या सैल बसतात. मी त्यांच्यावर पट्टी गुंडाळून देते.

"इंचभर वर घेऊ या का?" मी दर वेळी म्हणते. "तिथे बूच धड आहे."

"त्याला विचारून सांगतो," तो म्हणतो, आणि काठी परत कापडात गुंडाळतो.