रुखवताची भरपाई

दीपमाला खांबेटे यांना न ओळखणारा माणूस सदाशिव पेठेत सापडेल, पण त्यांना न ओळखणारा कुरिअरवाला सापडायचा नाही. कुणालाही विचारा, तो आधी पत्ता सांगेल आणि मग सुस्कारा टाकेल. बाईंचा धंदा रुखवताचा. लग्नात मुलीकडचे टेबलावर मांडतात ते सगळं त्या करतात: साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी, कापसाची वरात, आइस्क्रीमच्या काड्यांची बैलगाडी. पूर्वी हे घरातल्या आत्या-मावश्या मिळून करायच्या. आता आत्या-मावश्यांना ऑफिसातून रजा मिळत नाही, म्हणून बाईंनी मोबाइलवर दुकान मांडलं आणि चार वर्षांत त्यांचं रुखवत पार दुबईला पोहोचलं. वीस किलोमीटरवरच्या लोणी काळभोरला मात्र पोहोचलं नाही. म्हणजे पोहोचलं हो, पण नवरी सासरी गेल्यावर!

झालं असं. लोणीच्या बायडाबाईंनी लेकीच्या, ऋतुजाच्या लग्नासाठी रुखवत मागवलं. बाईंनी फोनवर छातीठोक सांगितलं, "आदल्या दिवशी तुमच्या दारात." आणि चांगलं आठ दिवस आधी 'चपळ पार्सल' नावाच्या कंपनीच्या हवाली केलं. नाव चपळ. माल आधी भिवंडीला गेला, तिथून सोलापूरला, तिथून परत भिवंडीला. सोलापूरला जाताना तो लोणीवरूनच गेला असणार, पण उतरायचं कुणाला सुचलं नाही. लग्नाच्या आदल्या सकाळपासून मोबाइलवर एकच ओळ दिसत होती, 'आपले पार्सल वाटपासाठी बाहेर पडले आहे.' बाईंनी तीनदा फोन केला, "मी रिक्षा करून येते आणि घेऊन जाते." "मॅडम, ते गाडीत आहे." "मग गाडी कुठे आहे?" "बाहेर पडली आहे."

मुहूर्त दुपारी बारा एकतीसचा. खोकं आलं संध्याकाळी सहाला दहा कमी असताना. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे वरातीमागून अख्खं रुखवत.

आठ दिवसांनी बायडाबाईंचा फोन आला तेव्हा दीपमालाबाई शिव्या खायच्या तयारीने बसल्या होत्या. शिव्या आल्याच नाहीत. बायडाबाई रडत होत्या.

"टेबल मोकळं ऱ्हायलं वो ताई. चादर हातरलेली, पाटी लावलेली, आन् वर काय न्हाय. जावयाची आत्या हाय ना, हिराबाई, ती सगळ्या मांडवात म्हनली, रुखवत पोस्टानं येतंय व्हय? मग नवरी बी पोस्टानंच धाडायची. सगळे हसले. आता पोरीला तिकडं रोज ऐकवत्यात, की तुझ्या आईनं काय मागवलंच नव्हतं, निस्ती थाप मारली."

"अहो, पण मी त्यांना पावती पाठवते ना."

"पावती तुमचीच. त्या म्हनतील, दोघींनी मिळून केलं आसंल."

बाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. धंद्यात नुकसान त्यांनी पाहिलं होतं, पण आपण दिलेल्या शब्दामुळे कुठल्याशा घरात एक नवी सून खाली मान घालून वावरते आहे, हे त्यांना सहन होईना. कंपनीनेच लिहून दिलं पाहिजे की चूक आमची. दुसऱ्या कुणाचं पत्र हिराबाई मानणार नव्हत्या.

मग सुरू झाली लढाई. कंपनीच्या अ‍ॅपवर भरपाईचा अर्ज होता. त्यात कारणं तीन: फुटले, भिजले, हरवले. 'उशीर' हे कारणच नाही! मदतीला एक यंत्रबाई होती. ती म्हणाली, "मी आपली काय मदत करू शकते?" दीपमालाबाईंनी लिहिलं, "बाजूला व्हा आणि माणूस बोलवा." माणूस आला नाही. आली ती अडीचशे रुपयांची सवलत, 'सदिच्छा म्हणून', तीही पुढचं पार्सल त्यांच्याचकडून पाठवलं तर. म्हणजे बुडवलेल्यालाच पुन्हा होडीचं तिकीट!

बाईंनी कागद-पेन घेतलं. एक पत्र, एक स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, सगळी पोच घेऊन. तिसऱ्याच्या शेवटी लिहिलं, 'उत्तर आपल्याच सेवेने पाठवू नये, मला ते हयातीत वाचायचे आहे.' हे मात्र लागू पडलं. चौथ्या दिवशी वाकडेवाडीच्या ऑफिसातून बोलावणं आलं.

तिथे तक्रारींचं खातं बघणारा अनिरुद्ध नावाचा तिशीतला मुलगा होता. बोलायला गोड, पण नियमांचा पक्का.

"मॅडम, उशिराची भरपाई फक्त एकाच बाबतीत मिळते. पार्सलला वेळेचं बंधन आहे हे तुम्ही बुकिंगच्या वेळी आम्हाला कळवलं असेल तर. इथे तर तसं काही दिसत नाही."

"कळवलं होतं."

"कसं?"

"लग्नपत्रिकेनं."

बाईंची एक रीत आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून त्या पत्रिका मागवतात, चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावून देवापुढे ठेवतात आणि मग खोक्यावर चिकटवतात. कुणाचं रुखवत कुणाच्या मांडवात जाऊ नये, हा एक हेतू आणि सगळं सुखरूप पार पडावं, हा दुसरा.

"पण मॅडम, चिकटवली होती याला पुरावा?"

"तुमचा माणूस माल उचलताना फोटो काढतो ना? उघडा की. माझ्याकडे कशाला मागता, तुमच्याचकडे आहे."

अनिरुद्धने संगणकावर फोटो उघडला. खोकं होतं, खोक्यावर पत्रिका होती. त्याने ती मोठी केली आणि पत्रिका हातात आली की मराठी माणूस करतो तेच केलं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून वाचायला लागला. वार, तारीख, 'दुपारी १२ वाजून ३१ मिनिटे या शुभमुहूर्तावर', कार्यालयाचा पत्ता, खाली व्यवस्थापक मंडळी, आणि तळाला 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' शेजारच्या टेबलावरची मुलगी खुर्ची ओढून वाचायला आली.

"बघा," दीपमालाबाई म्हणाल्या, "रीतसर निमंत्रण होतं तुम्हाला. आहेर नको, फक्त वेळेवर या, एवढंच म्हणणं होतं."

शेजारची मुलगी फिस्सकन हसली. अनिरुद्धलाही हसू आवरेना, पण तो लगेच सावरला. उठून साहेबांच्या खोलीत गेला. पाच मिनिटांनी परत आला तो खूश होऊन.

"मॅडम, साहेब तीन हजार द्यायला तयार आहेत. अट एकच, लेखी काही देणार नाही. विषय इथेच संपला."

तीन हजार! नियमाने पार्सलच्या भाड्याचे झाले असते जेमतेम साडेचारशे. बाईंना मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. तुळशीवृंदावनाचे साचे जुने झाले होते, नवे घ्यायचे होते. क्षणभर त्या पिशवीचा बंद चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, "साडेचारशेच द्या. पण पत्र द्या. माल कधी उचलला, कधी पोहोचवला आणि चूक कुणाची, हे तिन्ही स्पष्ट लिहा. शिक्क्यासकट. पत्र मराठीत हवं. ज्यांना वाचायचंय त्या इंग्रजीवर विश्वास ठेवायच्या नाहीत."

"कोण वाचणार आहे?"

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. मोकळं टेबल, हिराबाईंचा टोमणा, नवरीची खाली मान, सगळं. अनिरुद्ध उठला. पुन्हा आत गेला, आणि या वेळी पाऊण तास बाहेर आला नाही. आतून आवाज चढलेले ऐकू येत होते, त्यात एक त्याचाही होता. बाहेर आला तेव्हा हातात पत्र होतं. शिक्का जरा वाकडा पडला होता, पण होता.

महिन्याभराने अधिक महिना लागला. अधिकात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात. बायडाबाईंनी लेक-जावयाला बोलावलं, विहीणबाईंना बोलावलं, हिराबाईंना तर स्वतः जाऊन आग्रह केला. दीपमालाबाईंनाही बोलावणं होतं. पाहतात तर काय, पडवीत लांबलचक टेबल आणि त्यावर त्यांचं अख्खं रुखवत! तुळशीवृंदावन, भटजी, बैलगाडी, वरात. आणि मधोमध, सुपारीच्या भटजींना टेकून ठेवलेलं, कंपनीचं पत्र.

हिराबाई टेबलाभोवती फिरत फिरत पत्रापाशी थांबल्या. चष्मा लावला. हिराबाईंनी पत्र दोनदा वाचलं. शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "आन् मी लग्नात काय काय बोलले गं बाई. माझं चुकलं, विहीणबाई."

बायडाबाईंनी डोळ्याला पदर लावला. पण दीपमालाबाई बघत होत्या ऋतुजाकडे. पोर इतका वेळ भिंतीला चिकटून उभी होती, ती पुढे आली. कुणीतरी ओरडलं, "जावयाला वाण द्यायच्या आधी नाव घे!" ऋतुजाने एकदा नवऱ्याकडे, साईनाथकडे पाहिलं, एकदा आत्याबाईंकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"चपळ कंपनीचं रुखवत आलं वरात गेल्यावर,
साईनाथरावांचं नाव घेते कंपनीनं चूक कबूल केल्यावर!"

सगळ्यात आधी हसल्या त्या हिराबाई, आणि सगळ्यात जास्त वेळही त्याच हसत राहिल्या. दीपमालाबाईंनी मात्र त्या गोंधळात एक गोष्ट नीट पाहून घेतली. नाव घेताना पोरीची मान ताठ होती.