चार बोटं आणि बिब्बा

बावन्नाव्या वर्षी माणसाने गिटार शिकू नये, असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मी खात्री करून घेतली आहे, कारण माझा धंदाच अर्ज लिहिण्याचा. वाशीमला तहसीलच्या आवारात लिंबाखाली एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक कुरकुरणारा प्रिंटर मांडून मी लोकांची प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, नावातल्या दुरुस्त्या लिहून देतो. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्याचा मजकूर मला तोंडपाठ आहे. स्वतःच्या चुकांसाठी मात्र अजून नमुना सापडलेला नाही.

बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती सव्वा महिन्यासाठी. बॅगही सव्वा महिन्याचीच भरली होती. आता नात भिंतीला धरून चालायला लागली आहे आणि बायको अजून तिथेच आहे. मुलीची नोकरी, जावयाची नोकरी, पोरीला सांभाळणार कोण? कोणाचीच चूक नाही. हे असं प्रकरण आहे की ज्यात प्रतिवादीच नाही, त्यामुळे तक्रार दाखल करायला जागा नाही.

ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात लोणच्याची बरणी शोधायला मी माळ्यावर चढलो. बरणी सापडली नाही, मुलीची कॉलेजातली गिटार सापडली. तारा गंजलेल्या होत्या आणि आत एका पालीचा सांगाडा होता. पाल काढली, तारा बदलल्या आणि मोबाइलवर एका लांब केसांच्या पोराचे धडे पाहायला लागलो. घरात तेवढाच एक बोलणारा माणूस होता. तो मला रोज ‘दोस्तों’ म्हणायचा आणि मला ते खोटं आहे हे ठाऊक असूनही बरं वाटायचं.

सहा महिन्यांत तीन कॉर्ड आल्या, म्हणजे अनेक तारा एकदम दाबून काढायचे सूर. बायको तूर निवडताना एक जुनं गाणं गुणगुणायची, ते वाजवायचं ठरवलं. त्या गाण्याला चार कॉर्ड लागतात. चौथी एफ. इतर कॉर्डला तीन बोटं तीन तारांवर ठेवली की भागतं. एफला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं झोपवावं लागतं आणि उरलेल्या बोटांनी त्याच्यापुढे कसरत करावी लागते. माझं बोट छान झोपायचं, पण त्याच्याखालून सुराऐवजी ठक्क असा आवाज निघायचा, रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा. मग मी थांबायचो, बोटं एकेक करून उचलायचो, जागेवर बसवायचो आणि गाणं पुढे ढकलायचो.

संध्याकाळी फोनवर बायकोला ऐकवायचो. ती धनजच्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या माहेरी विहिरीवरचा पंप दर तासाला बंद पडायचा आणि मग कोणीतरी चप्पल घालून धावायचं. मी एफला थांबलो की ती शांतपणे म्हणायची, “मोटर बंद पडली वाटते.”

मी म्हणायचो, चालू करतो, थांब. ती थांबायची. अशी आमची पंधरा मिनिटं जायची.

दिवाळीला सगळे आले. जावयाने फार प्रेमाने आग्रह केला. मी सतरंजीवर बसून वाजवलं आणि तीनदा थांबलो. तिसऱ्या वेळेला जावयाने टाळ्या वाजवल्या, गाणं संपलं समजून. मी बायकोकडे पाहिलं. ती मोटरचं काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो, पण तिने चारचौघांत मला सांभाळून घेतलं आणि ती काहीच बोलली नाही. ते मला फार लागलं. ते लोक गेले त्या दिवशी गिटार परत माळ्यावर गेली.

पुढचे चार महिने फोन चालू राहिले, पण त्यांत काही उरलं नाही. जेवले का. हो. काय केलं होतं. पिठलं. नात कशी आहे. बरी आहे. एकदा ती म्हणाली, “तुमी वाजवत नाही का आता? त्या निमित्तानं तरी काही बोलणं होये.” आणि नात रडली म्हणून फोन ठेवला. मी हातात फोन घेऊन बसलो. माझ्या ध्यानात आलं, की एका न येणाऱ्या कॉर्डवर आमचा संवाद उभा होता आणि तो मी आपल्या हाताने माळ्यावर ठेवून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी स्वतःचंच प्रतिज्ञापत्र टाइप केलं. ‘मी, खाली सही करणार, वय बावन्न वर्षे, धंदा अर्जनवीस, राहणार वाशीम, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, आजपासून दररोज संध्याकाळी एक तास सराव करीन, एफ आल्याशिवाय गिटार माळ्यावर ठेवणार नाही, व सदर गाणे पत्नीस न थांबता ऐकवीन.’ सवयीने खाली साक्षीदार एक, साक्षीदार दोन अशा रेघाही आल्या. सही केली. घरी येऊन गिटार खाली काढली आणि कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. रेघा कोऱ्या राहिल्या, कारण साक्षीला घरात कोणी नव्हतं.

आता बिब्बा.

चार महिन्यांच्या सुट्टीत बोटांची टोकं लोण्यासारखी मऊ झाली होती. दहा मिनिटांत तारा कातडीत रुतायच्या. मोबाइलवरचं पोरगं सांगायचं, की घट्टे पडले पाहिजेत, वेळ लागेल. मला वेळ द्यायचा नव्हता. आमच्या घरासमोर एक मावशी राहतात. त्या दर उन्हाळ्यात ओट्यावर बसून बिब्बे फोडतात आणि आतली गोडंबी, म्हणजे खायची बी, काढतात. हाताला राख चोळायची, दगडावर एक बिब्बा उभा धरायचा आणि वरून लोखंडी कांबीने टक्क. दिवसभर. त्यांची बोटं काळी, जाड, चामड्यासारखी दिसायची. मी खिडकीतून ती बोटं पाहायचो आणि मला चक्क हेवा वाटायचा. अशी बोटं असती तर एफ काय, सगळी इंग्रजी बाराखडी वाजवली असती.

मावशींकडे गेलो आणि टाचेला भेगा पडल्या आहेत असं सांगून तीन बिब्बे मागितले. त्यांनी नीट समजावलं. आजूबाजूला आधी खोबरेल लावायचं, बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेलाचा थेंब सुटला की फक्त भेगेत सोडायचा. अंगाला कुठे लागता कामा नये, नाहीतर उततो. म्हणजे फोड येतात, सूज येते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला हे माहीत नसेल तर त्याचा रहिवासी दाखला रद्द करावा.

तरी मी डाव्या हाताच्या चारही बोटांच्या टोकांना बिब्ब्याचं तेल लावलं. खोबरेल लावलं नाही, कारण मग बोट तारेवरून घसरतं. त्यावर तासभर सराव केला, प्रतिज्ञापत्राप्रमाणे. सराव करताना कान खाजवला. कपाळाचा घाम पुसला. एफ काही केल्या येईना म्हणून गाल हातावर टेकवून विचारही केला.

सकाळी उठलो तर एक डोळा उघडेना. कान टम्म पुरीसारखा. बोटांच्या टोकांवर एकेक पाणीदार फोड, आणि आग अशी की माठात हात घालून बसलो. त्या अवस्थेत मी कामावर गेलो, कारण घरी थांबून तरी कोणाला दाखवणार? आवारात सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, आग्यामोहोळ. दुपारपर्यंत दोन शिपाई आणि एक वकील लिंबाच्या झाडावर पोळं शोधत होते. मीसुद्धा मान वर करून शोधलं, एका डोळ्याने.

डॉक्टरांना भेगांना बिब्बा लावल्याचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की भेगा बोटांच्या टोकांना कशा पडल्या. मी खरं सांगितलं. त्यांनी आत जाऊन कंपाउंडरलाही बोलावून आणलं.

बायकोशी बोलताना व्हिडिओ लागायचा. मी फोनचं स्टँड मोडल्याचं सांगून फोन टेबलावर उताणा ठेवला, कॅमेरा छताकडे. बारा दिवस तिने आमच्या पंख्याशी गप्पा मारल्या. तेराव्या दिवशी म्हणाली, पंखा पुसा एकदा, किती धूळ आहे. मी स्टुलावर चढून उजव्या हाताने पुसला. दुसऱ्या दिवशी ती पंख्याकडे पाहून म्हणाली, आता बरा दिसतो. आपल्याबद्दल कोणी तरी असं म्हणून किती दिवस झाले, असा विचार माझ्या मनात आला आणि मला पंख्याचा राग आला.

मावशींना मात्र फसवता आलं नाही. त्या उतल्यावर लावायला खोबरं आणि तीळ वाटून घेऊन आल्या, दारातूनच माझा हात पाहिला आणि म्हणाल्या, “भेगा टाचेले असतात ना भाऊ. बोटाले कायले लावलं?”

मी गिटारकडे बोट केलं. फोडाचंच बोट. घट्टे पाहिजे होते म्हणालो, तुमच्यासारखे.

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि आपला पंजा माझ्यासमोर उघडला. जवळून मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. काळ्या सालीच्या मधूनमधून गुलाबी, पातळ, नवी कातडी होती, लहान मुलाच्या हातासारखी.

“हे घट्टे नोहेत भाऊ. जळेल हाय हे. दरसाल सालटं निघते, दरसाल नवं येते.”

लोकांच्या कागदावर त्यांच्या हातांचे ठसे मी वर्षानुवर्षं उमटवून घेतो, आणि समोरच्या ओट्यावरचा हात मला वाचता आला नव्हता.

तीन आठवड्यांनी कातडी गळून पडली आणि खाली पूर्वीपेक्षाही मऊ बोटं निघाली. म्हणजे मी दिवाळीच्याही मागे गेलो होतो. प्रतिज्ञापत्र कपाटावर होतंच. ते फाडावं असं दोनदा वाटलं. फाडायला गेलो तर चिकटपट्टीबरोबर रंगही निघायला लागला, म्हणून राहू दिलं.

एका रविवारी दार उघडं ठेवून मी पुन्हा एफशी झटत होतो. मनगट ताठ, दात आवळलेले, मान वाकडी. समोरून टक्क टक्क थांबलं. मावशी ओट्यावरूनच म्हणाल्या, “तुमी त्याले वाजवून राह्यले का मारून राह्यले?”

वाजवतोय, मी म्हणालो.

“मंग जोर कायले लावता? जोरानं हाणलं का गोडंबी फुटते अन तेल डोळ्यात उडते. जागा पाहा लागते. जागा सापडली का हात आपसूक हलका पडते.”

मी बाहेर येऊन ओट्याच्या पायरीवर बसलो आणि अर्धा तास नुसतं पाहिलं. त्या बिब्बा ठेवायच्या, चिमटीत किंचित फिरवायच्या, पाहायच्या. मारणं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. अख्खी गोडंबी दगडावर पडायची. उगाच ताकद लावलेला एकही फटका मला दिसला नाही.

मोबाइलवरच्या पोराने हेच सांगितलं होतं, पहिल्याच धड्यात: बोट गिटारच्या दांड्यावरच्या लोखंडी पट्टीच्या अगदी जवळ ठेवा, दाब कमी लागतो. मी ते ऐकलं होतं आणि अंगबळावर पुढे गेलो होतो. आता पहिल्यापासून सुरुवात केली. गाणं बंद. फक्त बोट ठेवायचं, एक तार छेडायची, ऐकायचं, किंचित सरकवायचं, पुन्हा ऐकायचं. एका तारेला एक संध्याकाळ गेली. मग सी कॉर्डवरून एफवर जायचं आणि परत यायचं, मावशींच्या टक्क टक्कच्या तालावर. एका ठोक्याला सी, चार ठोके सोडून एफ. मग तीन सोडून. मग दोन. त्यांना हे माहीत होतं की नाही कोण जाणे. ताल मात्र त्या चुकल्या नाहीत.

जून लागला आणि बिब्बे संपले. मावशी पोरीकडे शेलूबाजारला गेल्या, ओट्यावर दगड तेवढा राहिला. पहिल्या संध्याकाळी मी गिटार मांडीवर घेऊन बराच वेळ वाट पाहत बसलो आणि मग ध्यानात आलं, आता ठोके पडणार नाहीत. तेव्हापासून ताल पायाने धरतो. घरात आवाज फार घुमतो.

त्यानंतर एका संध्याकाळी बायकोला म्हणालो, ऐकशील का? तिने फोन तिथल्या डब्याला टेकवून ठेवला आणि भाजी निवडायला बसली. मी सुरुवात केली. पहिला एफ आला, गेला. तिकडे कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या एफला एक तार खरखरली. मी तिच्याकडे न पाहता पुढे गेलो. नात काहीतरी आपटत होती. तिसरा, चौथा. शेवटची कॉर्ड वाजवून मी हात तारांवर ठेवला.

मी अजून स्क्रीनकडे पाहिलं नव्हतं. मला वाटलं, उठून गेली असेल.

“झालं?” तिने विचारलं.

झालं, म्हणालो.

“मी वाट पाहून राह्यली होती, कधी बंद पडते म्हून.” तिच्या हातात मेथीची जुडी तशीच होती, एकही पान निवडलेलं नव्हतं. “नाही पडली.”

मग नातीने दाराला धरून रडायला सुरुवात केली, आणि बायको ‘उद्या बोलते’ म्हणाली. स्क्रीनवर क्षणभर तिथला पंखा दिसला आणि फोन बंद झाला.

मी कपाटाशी गेलो. साक्षीदार एकच्या रेघेवर पेनाने बायकोचं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरच्या गावासकट. सही राहिली आहे. साक्षीदाराने समक्ष हजर राहून सही करावी लागते, फोनवरून चालत नाही, हे मी रोज दहा लोकांना समजावून सांगतो. कागद तसाच लावून ठेवला आणि खरखरलेल्या तारेसाठी पुन्हा बसलो. पायाने ताल धरला. सी, दोन ठोके, एफ.